अनलॉक झालं, आता बागेकडे वळताना : वाचकांचे प्रश्न

७ जून २०२१ पासून महाराष्ट्रात कोविडच्या निर्बंधांचं पाच स्तरांचं अनलॉक सुरू झालं आणि त्याच सुमाराला या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला. एप्रिल-मे मध्ये प्रश्न जवळजवळ थांबलेच होते, कारण कुणाच्या घरी ऑक्सिजन बेडसाठी फोनाफोनी, कुणाच्या घरी रेमडेसिविर इंजेक्शनची धावपळ, तिथे कुंडीकडे कोण बघणार. आता मात्र भरभरून लिहिताय सगळे, आणि बरेचसे प्रश्न झाडांचे कमी आणि माणसांचे जास्त आहेत, दमलेल्या, घाबरलेल्या, कुणीतरी गमावलेल्या माणसांचे. म्हणून यावेळी मोजकेच घेतलेत पण जरा ऐसपैस उत्तरं लिहिलीत. माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे, दीड वर्षात जे राहून गेलं ते या एका पावसाळ्यात भरून काढायला जाऊ नका. आणि तब्येतीचा विषय येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, माझा नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ५८ वर्षांची आहे, कोथरूडला राहते. एप्रिलमध्ये मला कोविड झाला, हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, स्टेरॉइड दिली होती, आणि आधीपासून असलेली शुगर तेव्हा खूप वाढली. आता घरी आहे, बरी आहे पण जिना चढला की दम लागतो. माझी गच्चीवर बाग आहे, तीन महिने तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही, पाऊस सुरू झाल्यावर नुसतं रान माजलंय. मुलगा म्हणतो मातीला हातच लावायचा नाही, काळी बुरशी होते. खरंच बाग सोडावी लागेल का? मला दुसरा कसलाही छंद नाही हो.

काकू, बाग सोडायची नाही. पण मुलगा सांगतोय त्यात तथ्य आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडूही नका.

म्युकरमायकोसिस म्हणजे ज्याला सगळे काळी बुरशी म्हणतात तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात, धुळीत असतातच, आजचे नाहीत, आपण सगळे आयुष्यभर ते श्वासातून घेत आलोय आणि धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. गडबड होते ती शुगर ताब्यात नसेल आणि त्यात स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असेल तेव्हा. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नुकत्याच होऊन गेल्यात. मे महिन्यात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जी सूचना काढली तिच्यात बागकामाचा स्पष्ट उल्लेख आहे, माती, शेवाळ किंवा खत हाताळताना बूट, लांब पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला म्हणून. म्हणजे त्यांनीही बाग बंद करा असं म्हटलेलं नाही, अंग झाकून करा म्हटलंय. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगा, कारण त्याबद्दल फार उलटसुलट फिरतंय मोबाइलवर.

आधी डॉक्टरांकडे जा आणि थेट विचारा की माझी शुगर आता कशी आहे, स्टेरॉइड पूर्ण बंद झालंय का, आणि मी माती हाताळू शकते का. ते थांबा म्हणाले तर थांबायचं. ते हो म्हणाले तरी पहिले दोन महिने काही कामं मुलाकडेच राहू देत. कंपोस्टचा डबा उघडणं आणि हलवणं, कोरडं शेणखत चाळणं, सुकलेला पालापाचोळा झाडून गोळा करणं, जुन्या कुंडीतली वाळलेली माती फोडणं. या सगळ्यात बारीक धूळ उडते आणि बीजाणू त्या धुळीबरोबर नाकात जातात. ही कामं चालू असताना तुम्ही गच्चीवर थांबूही नका, त्याचं आटपलं की मग वर जा.

तुम्ही स्वतः जे कराल ते ओल्या मातीत करा. पावसामुळे माती आपोआप ओली आहे हे सोयीचंच, पण आडोशाच्या कुंड्यांवर आधी झारीने हलकं पाणी मारून घ्या आणि मगच खुरपं लावा. तोंडावर मास्क, तोही नाकाच्या वर, आणि भिजला की लगेच बदलायचा, ओला मास्क लावून बसायचं नाही. रबरी हातमोजे, पायात बंद बूट. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी मातीला सुट्टी. गुलाब, लिंबू, बोगनवेल अशी काटेरी झाडं सध्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. काम झालं की हातपाय साबणाने धुवून कपडे बदलायचे, आणि शुगर घरच्या घरी तपासायची सवय मोडायची नाही.

आता दम लागण्याचं. गच्चीवर गेल्या गेल्या कामाला लागू नका, जिना चढून आलात की खुर्चीत टेकायचं, श्वास खाली बसला की मग उठायचं. ऑक्सिमीटर घरी असेलच, कामाआधी आणि कामानंतर बोट घालून बघा. आकडा ९४ च्या खाली जात असेल किंवा थोड्याशा कामानेही नेहमीपेक्षा बराच घसरत असेल तर डॉक्टरांना कळवा. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं तर समजा आदल्या दिवशी जास्त झालं, मग वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. कोविडनंतरचा थकवा असाच असतो, काम करताना काही वाटत नाही आणि सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं. कुंडी उचलायची तर अजिबात नाही, भिजलेल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी सहज पंधरा-वीस किलोची होते, ती धडधाकट माणसाचीसुद्धा कंबर धरते.

आणि कामं कमी नाहीत तुमच्यासाठी. उंच स्टुलावर कुंडी ठेवून घ्या म्हणजे वाकावं लागणार नाही, मग कात्रीने सुकलेल्या फांद्या काढा, वेलांना दोरी बांधा, भेंडी-गवारीच्या बिया टोचा, फुलं वेचा. तेरडा आत्ता पेरलात तर गौरींच्या सुमाराला फुलांवर येईल. रान माजलंय म्हणता त्यातलं निम्मं तसंच राहू द्या यावर्षी, पावसाळ्यातल्या गवताने गच्ची काही खचत नाही.

शेवटी एक गोष्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवा. नाक एका बाजूने बंद होणं, नाकातून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, गालाच्या हाडावर दुखणं किंवा बधिरपणा, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, दात हलायला लागणं, यातलं काहीही झालं तर सर्दी असेल म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. लवकर गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. आणि कोविडची लस घेतली नसेल तर तेही डॉक्टरांना विचारा, २०२१ मध्ये बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी घ्यायची असा नियम होता.

प्रश्न : मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे डोंबिवलीचा फ्लॅट बंद करून राजापूरजवळ गावी गेलो ते आत्ता परत आलो. बाल्कनीत तीसेक कुंड्या होत्या. शेजारी मधे मधे पाणी घालत होते पण दुसऱ्या लाटेत तेही गेले गावाला. आता बहुतेक सगळं वाळून कोळ झालंय, एक दोन झाडांना पावसाने हिरवं फुटलंय. सगळं फेकून नवीन आणावं का? माझं ऑफिस सुरू झालंय पण बसने येण्याजाण्यात दिवस जातो, त्यामुळे रविवारच हातात आहे.

फेकू नका हो लगेच. नखाने खोडाची साल जरा खरवडून बघा, वरून खाली यायचं, शेंड्याकडे तपकिरी लागलं तर थोडं खाली, अजून खाली. कुठेही आतून हिरवं आणि ओलसर लागलं की ते झाड जिवंत आहे, तिथून बोटभर वर छाटा आणि सोडून द्या. कढीलिंब, जास्वंद, बोगनवेल, अनंत ही मंडळी वरून मेलेली दिसतात आणि बुंध्यातून फुटतात. ॲडेनियम आणि स्नेक प्लांट तर विचारूच नका, त्यांना पाणी न मिळाल्याने काही होत नाही, आत्ताच्या पावसात सतत ओलं राहून ते कुजतील म्हणून त्यांना मात्र आधी आडोशाला घ्या. तुळस गेली असेल, पण कुंडीतली माती जरा हलवून ठेवा, मंजिऱ्यांचं बी पडलेलं असतं, पंधरा दिवसांत रोपं दिसतील. महिनाभर थांबूनही काही फुटलं नाही तर मग काढून टाका.

मातीचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण खरं काम तिथेच आहे. बरेच दिवस कोरडी राहिलेली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, किंवा कंपोस्टची माती पाणी पितच नाही, वरून घातलेलं पाणी कडेकडेने उतरून खालच्या भोकातून निघून जातं आणि तुम्हाला वाटतं भरपूर घातलं. अशी कुंडी बादलीत कडेपर्यंत बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची. पाऊस थेट पडतो तिथे हे करायची गरज नाही, तिथे उलट बघायचं, कुंडीच्या तळाचं भोक मुळांनी आणि गाळाने बुजलंय का, कारण पाणी साठलं की उरलेली मुळंही कुजतात. एखादी सळई घालून भोक मोकळं करा.

मेलेल्या झाडांची माती टाकू नका. मुळं काढून टाका, दोन भाग जुनी माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यावर ती पुन्हा चालू लागते. मात्र फोडताना मास्क लावा, वर काकूंना लिहिलंय ते कोविड होऊन गेलेल्या, शुगर असलेल्या सगळ्यांनाच लागू आहे.

पहिल्या रविवारी मात्र यातलं काहीच करू नका, फक्त साचलेलं पाणी बघा. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकाम्या कुंड्या, कोपऱ्यातली बादली, पत्र्यावरची ताडपत्री, एसीच्या पाइपखालचा डबा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास उडायला लागतो, शिवाय त्याची अंडी कोरड्या ताटलीच्या कडेला कित्येक महिने चिकटून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात, त्यामुळे ताटली नुसती उपडी करून भागत नाही, काथ्याने घासायची. दर रविवारी एकदा. आत्ताच्या दिवसांत ताप आला की आधी कोविडची टेस्ट आणि मग घाबरत बसणं हेच होतंय सगळीकडे, त्यात डेंग्यूची भर नको. आणि हो, ग्रिलवर बाहेरच्या बाजूला टांगलेल्या कुंड्यांचे हुक वर्षभरात गंजले असतील, ते हलवून बघा, चौथ्या मजल्यावरून कुंडी खाली पडणं ही साधी गोष्ट नाही.

बाकी नवीन आणायचं म्हणाल तर या पावसाळ्यात तीसऐवजी आठ-दहा कुंड्याच ठेवा. बसमध्ये रोजचे पाच तास घालवणाऱ्या माणसाला रविवारी झोपही मिळाली पाहिजे.

प्रश्न : नर्सरी उघडली आहे. तिथून आणलेल्या रोपांवर सॅनिटायझर मारावं की डेटॉलच्या पाण्याने पुसावं? की आठवडाभर बाहेर ठेवावं?

यातलं काहीच नाही. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने पानं करपतात, डेटॉलनेही. हा विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासातून आणि बंद जागेतल्या हवेतून पसरतो, रोपाच्या पानावरून आजारी पडण्याची शक्यता फारच कमी. रोप आणलंत, जागेवर ठेवलंत, साबणाने हात धुतलेत, झालं काम. नर्सरीत मात्र रविवारी सकाळी गर्दीत जाऊ नका, आठवड्यात मधल्या वारी जा, मास्क लावून मोकळ्या भागात फिरा.

आठवडाभर बाजूला ठेवण्याचं कारण वेगळं आहे आणि ते कोविड नसतानाही होतं. नवीन रोपाबरोबर पिठ्या ढेकूण आणि मावा येतो. पानांच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय का ते बघा, दिसला तर जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि निंबोळी तेलाचं पाणी फवारा, पाऊस नसेल अशा संध्याकाळी.

प्रश्न : ताई, कसं लिहू कळत नाही. एप्रिलमध्ये माझे बाबा कोविडने गेले. आम्ही साताऱ्यात असतो. गच्चीवर त्यांची बाग होती, गुलाब, मोगरा, शेवंती, सगळं त्यांनी स्वतः लावलेलं. प्रत्येक कुंडीत आईस्क्रीमच्या काडीवर जातीचं नाव आणि लावल्याची तारीख त्यांच्या अक्षरात लिहून खोचलेली आहे. आई वर जातच नाही, म्हणते सगळं कुणाला तरी देऊन टाक, मला बघवत नाही. मला द्यायचं नाहीये पण मला बागकामातलं काहीच येत नाही. गुलाबाची पानं काळे ठिपके पडून गळतायत. ते सगळं माझ्या हातून मरेल अशी भीती वाटते.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. वयाने लहान असशील असं धरून अगं म्हणते.

सगळ्यात आधी त्या काड्या. पावसात शाई फार दिवस टिकणार नाही. आज पाऊस थांबला की वर जा, प्रत्येक कुंडीचा तिच्या काडीसकट मोबाइलवर फोटो काढ, मग काड्या उपटून खाली आण, पंख्याखाली चांगल्या वाळव आणि त्यांना रंग नसलेली नेलपॉलिश लाव. कुंडीत तात्पुरती दुसरी खूण कर, कुंडीवरच मार्करने आकडा घाल आणि तोच आकडा काडीच्या मागच्या बाजूला. एवढं झालं की बाकी कशालाही घाई नाही.

आता आईचं. तिला वर ने म्हणून मागे लागू नकोस, आणि तिने सांगितलं म्हणून सगळं देऊनही टाकू नकोस. तीन महिने म्हणजे काहीच नाही गं, आणि आपल्याकडे यावेळी माणसं गेली तीही कशी, शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही अनेकांना, दहावा-तेरावा धड झाला नाही, भेटायला कुणी येऊ शकलं नाही, खांद्यावर हात ठेवायला माणूस नव्हतं. ते सगळं दुःख तसंच आत राहिलंय लोकांच्या. तिला म्हण, दिवाळीपर्यंत थांबू, मग ठरवू. आता निर्बंध सैल झालेत तर आत्या, मावशी, बाबांचे मित्र यांच्यापैकी ज्यांचं दोन डोस पूर्ण झालंय त्यांना एकेकट्याने घरी बोलव, मोकळ्या जागेत बसा आणि बाबांबद्दल बोला. आणि आईचं जेवणच तुटलंय, झोप अजिबात नाही, जगायचं कशाला असं बोलते असं काही असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखव, फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केलीस तरी चालेल. तुझं स्वतःचंही असं होत असेल तर तुझ्यासाठीही.

गुलाबाचं सांगते. काळे ठिपके ही पावसाळ्यातली नेहमीची बुरशी आहे, बाबा असताना सुद्धा दर पावसाळ्यात ती येतच असणार, तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही. ठिपक्यांची पानं तोड, गळलेलीही उचल आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको. कुंड्या एकमेकांपासून वीतभर लांब सरकव म्हणजे वारं खेळेल. पावसाच्या दिवसांत वरून पाणी घालायचंच नाही. गुलाबाची मोठी छाटणी आत्ता करू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी, ती आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करतात. एवढंच बघ की बुंध्याशी जी कलमाची गाठ असते तिच्या खालून नवीन जोमदार फुटवा आला असेल तर तो रानटी गुलाबाचा असतो, तो मुळापासून काढायचा, नाहीतर तो वरचं कलम खाऊन टाकतो. सगळी पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या तरी घाबरू नकोस, खोड हिरवं आहे तोवर झाड आहे.

मोगऱ्याचं दाब कलम मात्र आत्ताच करून ठेव. जमिनीकडे झुकलेली एक लांब फांदी घे, मधे एका पेराखाली साल जराशी खरवड, ती जागा शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीतल्या मातीत दाब, वर दगड ठेव, फांदी आईझाडापासून तोडायची नाही. दीड-दोन महिन्यांत तिथे मुळं धरतात, मग हलकेच ओढून बघायचं, घट्ट लागली की मधे कापायची. म्हणजे बाबांच्याच मोगऱ्याचं दुसरं झाड तुझ्याकडे तयार. शेवंतीचे शेंडे खुडून वाळूत टोच, तेही लागतात. एक झाड गेलं तरी दुसरं हाताशी आहे एवढा धीर आला की भीती कमी होते.

हे सगळं जमेल तसं, आठवड्यातून एक काम केलंस तरी पुष्कळ. साताऱ्यात तुझ्या ओळखीत बाग करणारं कुणीतरी असेलच, बाबांचे बागेतले मित्र असतील, त्यांना फोन कर आणि ये म्हण. त्यांनाही यायचं असेल पण विचारायचं कसं म्हणून थांबले असतील. आणि काही झाडं जगणार नाहीत. त्यांच्या हातूनही दरवर्षी काही मरतच होती, तुला दिसली नव्हती इतकंच.

प्रश्न : मी दादरला राहते, वय ७१. लशीचे दोन्ही डोस झाले. पण मार्च २०२० पासून मी खाली उतरलेलेच नाही म्हटलं तरी चालेल, फक्त लशीला गेले होते. सोसायटीच्या बागेत आम्ही मैत्रिणी रोज जमायचो, आता त्या बोलावतात पण माझे पाय जिन्यापाशी थबकतात. घरात सगळे चिडतात.

आजी, घरच्यांना सांगा चिडू नका, दीड वर्ष टीव्हीवर रोज सांगत होते की ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये, ती भीती एका दिवसात कशी जाईल. पण आता थोडं थोडं बाहेर पडायला हवं, तेही पायांसाठी. इतके महिने चार भिंतीत चालून मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर पडण्याचा धोका कोविडइतकाच खरा आहे. म्हणून आधी आठवडाभर घरातच खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, दिवसातून दोनदा, जमेल तितकं. दुसऱ्या आठवड्यात कुणाला तरी बरोबर घेऊन फक्त तळमजल्यापर्यंत आणि परत. कठडा धरूनच, आणि चप्पल नाही, मागे पट्टा असलेलं काहीतरी पायात.

मैत्रिणींना भेटायला उघड्या बागेइतकी चांगली जागा नाही. बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत धोका बराच कमी, मास्क लावून जरा अंतराने बाकावर बसलात तर अगदीच. सकाळी ऊन जरा वर आल्यावर जा, तेव्हा फरशा वाळलेल्या असतात. आणि नुसतं गप्पांना जाण्यापेक्षा एखादं झाड अंगावर घ्या, सोसायटीतली तुळस म्हणा, गवती चहा म्हणा, रोज तिच्याकडे बघायला खाली उतरायचंच आहे असं ठरलं की पाय आपोआप निघतात. पाच मिनिटांत परत वर यावंसं वाटलं तर या. उद्या परत उतरता येईल.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये नवरा-बायको दोघांनाही बागेचा नाद लागला, वर्क फ्रॉम होम होतं, आता गच्चीत साठ-सत्तर कुंड्या आहेत, टोमॅटो मिरचीपासून ड्रॅगनफ्रूटपर्यंत. पुढच्या महिन्यापासून दोघांची ऑफिसं सुरू. पिंपरी ते हिंजवडी. कसं जमवायचं?

पावसाळाभर निभावेल, पाण्याचा प्रश्न येईल तो ऑक्टोबरच्या उन्हात, त्यामुळे तयारीला तुमच्या हातात तीन महिने आहेत. एवढ्या कुंड्यांना रोज झारीने पाणी घालायचं म्हटलं तर सकाळचा पाऊण तास जातो, ऑफिस असताना तो मिळत नाही आणि मग दोघांत वाद होतात की आज कुणी घालायचं होतं. बागेपायी भांडण नको.

आधी कमी करा. ज्यांना रोज पाणी आणि रोज लक्ष लागतं ती झाडं बघा, टोमॅटो, मिरची, पालेभाज्या, यांच्या कुंड्या दहा-बारावर आणा. ड्रॅगनफ्रूट, कोरफड, कढीलिंब, लिंबू, सोनचाफा ही माणसाच्या नोकरीला सांभाळून घेणारी झाडं आहेत, ती ठेवा. छोट्या छोट्या सहा इंची कुंड्या उन्हात पटकन सुकतात, त्यातली झाडं दोन-तीन एकत्र करून मोठ्या ग्रो बॅगेत लावा, माती जास्त तितकी ओल जास्त टिकते. वर नारळाच्या शेंड्या नाहीतर वाळलेला पाला यांचा चांगला दोन बोटं जाड थर.

मग ड्रिप. बाजारात गच्चीसाठी तयार किट मिळतं, बारीक नळ्या आणि ड्रिपर, नळाला लावायचा टायमर. टायमर घेतलात तरी पहिले पंधरा दिवस शनिवार-रविवार समोर उभं राहून बघा, कुठली नळी सुटते, कुठला ड्रिपर गाळाने बंद पडतो, नाहीतर संध्याकाळी घरी याल तेव्हा टाकी रिकामी आणि खालच्या मजल्यावरचे दारात उभे. ऑक्टोबरपर्यंत हे सगळं बसायला हवं, म्हणून आत्ताच बसवा.

जास्तीच्या कुंड्या देऊन टाका, पण चांगली झाडं द्या. ज्या शेजाऱ्यांनी तुम्ही क्वारंटाइन असताना दारात डबा ठेवला असेल त्यांना आधी विचारा. देताना कुंडी, ताटली आणि मूठभर खत सगळं बरोबर द्या आणि पाणी किती दिवसांनी घालायचं ते चिठ्ठीवर लिहा, कारण नवख्या माणसाच्या हातून झाड जातं ते बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच. द्यायचा दिवस रविवार ठरवून सगळ्यांना जिन्यात गर्दी करायला लावू नका, एकेकाला वेगवेगळी वेळ द्या.